वीतभर अंतरावरचा सैगल

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या कादंबरीचं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं आणि वाचन लेखकानंच करावं असा आग्रह झाला. पुण्यातल्या एका गल्लीत, तळमजल्यावर, भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेली एक लहानशी खोली होती. रेकॉर्डिंग करणारी मुलगी माझ्या नातीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठी असेल. मी खुर्चीत बसलो, घसा खाकरला आणि वाचायला लागलो. दोन मिनिटांत तिनं मला थांबवलं आणि वाचलेलं परत ऐकवलं. ऐकून मलाच लाज वाटली. जन्मभर बँकेत काढलेली, काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून आवाज चढवायची सवय. कादंबरीतली विधवा आई मुलाशी बोलते आहे की गर्दीत कुणाचा टोकन नंबर पुकारते आहे, असा प्रश्न पडावा.

मुलगी आत आली. तिनं अंगठा माईकपाशी ठेवला, पंजा ताणला आणि करंगळी माझ्या ओठांपाशी आणली. काका, एवढंच अंतर, असं तिचं म्हणणं. मग तिनं माईक दोन बोटं वर घेतला आणि जरासा तिरका केला, कारण प, फ, भ म्हणताना तोंडातून सुटणारा वारा सरळ माईकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. मधे एक कापडी जाळी बसवली. आता हळू वाचा, समोर एकच माणूस आहे असं समजा, असं सांगून ती काचेमागे गेली. या वेळी जे ऐकू आलं त्यानं मी घाबरलो. माझा श्वास, कोरडी पडलेली जीभ, सगळं त्यात होतं. आणि एका ठिकाणी तर माझ्याच वाक्यावर माझा विश्वास नाही, हेही स्वच्छ ऐकू येत होतं.

रिक्षातून घरी येताना मला सैगल आठवला.

सैगलला आमच्या घरात सगळे एकेरीतच संबोधत, म्हणून इथंही तसंच लिहितो. आम्ही सांगलीचे. सकाळी साडेसातला अण्णा रेडिओ सिलोन लावायचे. जुन्या सिनेमांच्या गाण्यांचा तो कार्यक्रम, आणि सात सत्तावन्नला त्यातलं शेवटचं गाणं नेहमी सैगलचं. शॉर्टवेव्हचा आवाज कधी जवळ यायचा, कधी समुद्रात बुडाल्यासारखा लांब जायचा. त्या तीन मिनिटांत आईनं भांडं वाजवायचं नाही, आम्ही दप्तर आपटायचं नाही. माझ्या पिढीला सैगल नाकात गाणारा, संथ, जुनाट वाटायचा, आणि शाळेत आम्ही त्याची नक्कल करून हशा मिळवायचो. त्याचं मोठेपण मला कळलं ते फार उशिरा, कानात हेडफोन घालून ऐकायला लागल्यावर. लांबून ऐकायचा तो गायकच नव्हे.

कुंदनलाल सैगल ११ एप्रिल १९०४ रोजी जम्मूत जन्मला. वडील अमरचंद जम्मू-काश्मीर संस्थानात तहसीलदार, आई केसरदेवी भजनं म्हणणारी. गाणं आलं ते आईकडून. रामलीलेत सीता होणारा हा मुलगा शाळेत फारसा रमला नाही. वयात येताना आवाज फुटला तेव्हा तो खचला आणि त्या काळात एका सूफी पीराच्या सहवासात सावरला, अशी त्याच्या घरची आठवण. उस्तादाचा गंडा बांधून वर्षानुवर्षं तालीम घेतलेला हा गवई नव्हता. पुढं पोटासाठी रेल्वेत टाइमकीपर झाला, मग रेमिंग्टन टाइपरायटरचा फिरता विक्रेता. ही नोकरी त्याच्या चरित्रात एका ओळीत उरकतात, पण मला ती महत्त्वाची वाटते. दारोदार यंत्र विकणाऱ्याला सभेत बोलता येऊन भागत नाही, समोरच्या एका माणसाशी बोलता यावं लागतं. बँकेत ठेवी गोळा करत हिंडलेल्या माणसाला हे निराळं सांगायला नको.

तो कलकत्त्याला पोचला तेव्हा बोलपट नुकताच जन्मत होता. बी. एन. सरकार यांनी १९३१ साली न्यू थिएटर्स काढली होती आणि संगीताची बाजू रायचंद बोराल सांभाळत होते. बोरालांनी या पंजाबी विक्रेत्याचा आवाज हेरला आणि दरमहा दोनशे रुपयांवर त्याला कंपनीत घेतलं. १९३२ साली त्याचे पहिले तीन सिनेमे आले आणि तिन्ही पडले. १९३३ च्या ‘पूरन भगत’मधल्या भजनांनी त्याचं नाव झालं, १९३४ च्या ‘चंडीदास’नं ते घरोघर नेलं.

त्या आधी आपल्याकडे गाणं कसं गायलं जायचं, हे जरा पाहायला हवं. आपली संगीत नाटकं घ्या. बालगंधर्व असोत, केशवराव भोसले असोत की मास्टर दीनानाथ, पिटातल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला पाहिजे ही पहिली अट. त्यासाठी आवाजाला धार लागायची, ताकद लागायची. गुणगुणणं हा रंगभूमीवरचा प्रकारच नव्हता. ग्रामोफोनच्या तबकडीचीही तीच तऱ्हा. गौहरजान १९०२ साली कलकत्त्यात पहिल्यांदा ध्वनिमुद्रणाला बसली तेव्हा समोर माईक नव्हता, पत्र्याचा कर्णा होता. त्या कर्ण्यात जोर लावून गायचं. आवाजाच्या धक्क्यानं पलीकडची सुई थरथरायची आणि मेणावर चरा उमटायचा. वीज कुठंच नाही, त्यामुळे आवाज वाढवायची सोय नाही. हलका स्वर आला की डोकं कर्ण्यात घालायचं, तार स्वर आला की मागं घ्यायचं. कुजबुज त्या मेणावर उमटतच नसे.

१९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारा माईक ध्वनिमुद्रणात आला आणि हे सगळं पालटलं. आता हळू बोललेलंही पकडता येऊ लागलं. पण माईकला स्वतःचे स्वभाव होते. मोकळ्या जागी तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट केलं, तर पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता निम्मी होत नाही, चौथाईवर येते. खोलीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे गायक दोन पावलं मागं सरला की तो नुसता लहान होत नाही, ऐकणाऱ्याला तो लांबच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. उलट जवळ आला की भिंती नाहीशा होतात आणि उरतो तो माणूस. त्या काळी जगभर नावाजलेल्या रिबन माईकचा आणखी एक गुण असा, की तोंड अगदी जवळ नेलं तर खर्ज फुगतो, आवाजाला ऊब येते. फारच जवळ नेलं तर तो घोगरा, गढूळ होतो. इंचा-दोन इंचांचा हा मामला.

आजच्यासारखी प्रत्येक वाद्याला वेगळी पट्टी नव्हती, मागाहून कमीजास्त करायची सोय नव्हती. बऱ्याचदा सगळ्यांना मिळून एकच माईक. मग गायक जवळ, सारंगी थोडी लांब, तबला त्याहून लांब, असं माणसांना जमिनीवर मांडूनच गाण्याचा तोल साधायचा. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. रेकॉर्डिस्टचं निम्मं काम सतरंज्या आणि खुर्च्या सरकवण्याचं असे म्हटलं तरी चालेल.

सैगलनं माईकचा हा स्वभाव आतून ओळखला, असं त्याची गाणी ऐकताना सतत वाटतं. तो स्वर फेकत नाही, ठेवतो. शब्दाच्या शेवटी उरलेला श्वास तो लपवत नाही, त्यालाही गाण्यात जागा देतो. १९४० च्या ‘जिंदगी’मधली पंकज मलिकांच्या चालीची अंगाई घ्या. राजकुमारीला झोपवणारं ते गाणं आमच्या आईलाही यायचं. शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशी अंगाई म्हणायची कशी? मूल जागंच होईल. थिएटरात हजार माणसं बसली असताना प्रत्येकाला ती आपल्याच उशाशी कुणी म्हणतं आहे असं वाटलं, त्यामागं सैगलचा गळा होता आणि गळ्यापासून नेमक्या अंतरावर टांगलेलं ते यंत्रही होतं. अमेरिकेत याच सुमारास बिंग क्रॉस्बीनं हीच वाट धरली होती.

१९३५ चा ‘देवदास’ आमच्या भागाला आणखी एका कारणानं जवळचा. त्यात सैगलनं झिंझोटीतली ती ठुमरी गुणगुणली आहे, जी अब्दुल करीम खाँसाहेबांनी अजरामर केली. खाँसाहेब मिरजेचे, म्हणजे आमच्यापासून सहा मैलांवरचे. अण्णा दोन्ही तबकड्या पाठोपाठ लावायचे. खाँसाहेबांची ठुमरी चढत जाते. सैगलची जागच्या जागी विरघळते. एकाच चालीत दोन माणसं किती निराळी राहू शकतात हे मी तिथं शिकलो. कोण मोठा हा वाद आमच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत चालायचा आणि त्याचा निकाल कधी लागला नाही.

आता त्याच्या आयुष्यातल्या ज्या दिवसासाठी मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो.

सुरुवातीच्या बोलपटांत नट गायचा ते कॅमेऱ्यासमोर, त्याच क्षणी. १९३१ च्या ‘आलम आरा’च्या वेळी माईक दृश्यात दिसू नयेत म्हणून इथंतिथं दडवले होते, आणि जवळून आगगाड्या जायच्या म्हणून चित्रीकरण बरंचसं रात्री चाले. नटाला माईकपासून हलता येत नसे. हलला की आवाज गेला. त्यामुळे त्या काळातले नायक-नायिका खांबासारखे उभे राहून गाताना दिसतात. १९३५ साली न्यू थिएटर्सनंच यावर तोड काढली. दिग्दर्शक नितीन बोस एकदा पंकज मलिकांना घ्यायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा मलिक एका इंग्रजी तबकडीबरोबर ओठ हलवत गात होते. त्यावरून बोसांना कल्पना सुचली, असं खुद्द मलिक सांगत. गाणं आधी स्टुडिओत मुद्रित करायचं आणि कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायचे. नितीनबाबूंचे भाऊ मुकुल बोस आवाजाचे जाणकार, त्यांनी ते तंत्र बसवलं. ‘धूप छाँव’मध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं आणि पुढं अख्ख्या हिंदी सिनेमाचा पायाच बदलला.

म्हणजे १९३८ साली, फणी मजुमदारांचा ‘स्ट्रीट सिंगर’ तयार होत असताना, सैगलला स्टुडिओतल्या शांततेत, गाद्यांच्या भिंतींत, माईकसमोर हवं तेवढा वेळ उभं राहून गाण्याची पूर्ण सोय होती. ज्याचं सगळं गाणं त्या जवळिकीवर उभं, त्यानं ती सोय हसत घ्यायला हवी होती. पण ‘बाबुल मोरा’च्या वेळी तो अडून बसला. हे गाणं आधी गाऊन मग त्यावर ओठ हलवायला त्याची तयारी नव्हती. रस्त्यावर चालत जाणारा गवई चालता चालताच गाणार, आणि तेच मुद्रित व्हायला हवं, हा त्याचा हट्ट.

ही भैरवीतली ठुमरी अवधचा नवाब वाजिद अली शाह याची. इंग्रजांनी १८५६ साली राज्य काढून घेतलं आणि नवाब लखनौ सोडून कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये येऊन राहिला, तिथंच १८८७ साली वारला. वरवर पाहता ते सासरी निघालेल्या मुलीचं गाणं. पण ज्यांना नवाबाची हकीकत माहीत आहे त्यांना त्यात गाव सुटलेला माणूस दिसतो. ज्या शहरात नवाब झुरला, त्याच शहरातल्या स्टुडिओत जम्मू सुटलेला, रेल्वे आणि टाइपरायटर करत हिंडलेला हा माणूस ते गाणार होता. बसल्या जागी गायलेलं आपलं दुःख मागाहून चालून दाखवणं त्याला खोटं वाटलं असावं. हा माझा अंदाज. कादंबरीकाराला एवढी मुभा असावी.

हट्ट मान्य झाला, पण सगळ्यांची कसोटी लागली. सैगल पुढं चालणार. त्याच्यासमोरून कॅमेरा मागं मागं सरकणार. वादक चौकटीबाहेर राहून वाजवत वाजवत त्याच्याबरोबर चालणार. आणि या सगळ्यात माईकही चालणार. आता विचार करा: मान जरा वळली, पाऊल जरा लांब पडलं, तरी तोंड आणि माईक यांतलं अंतर बदलणार. माईक खाली आला तर चित्रात दिसणार, वर गेला तर भैरवीचा कोमल स्वर हवेत विरणार. दिव्यांमुळे त्याची सावली तोंडावर पडायला नको. कुणाची चप्पल वाजायला नको. आणि एवढ्या अवधानात गाणाऱ्यानं मात्र यातलं काही जाणवू न देता गायचं. टेबलाशी खुर्चीत बसून, वीतभर अंतरावर मला दोन परिच्छेद नीट वाचता येत नव्हते.

ते गाणं तुम्ही ऐकलं असेल. नसेल ऐकलं तर रात्री, घरातली निजानीज झाल्यावर, हेडफोन लावून ऐका. मला तरी त्यातला आवाज कधी केसभर पुढं, कधी केसभर मागं झाल्यासारखा वाटतो. आजची मशिनं हे क्षणात सारखं करून देतील. तसं केलं तर ते गाणं बिघडेल, असं माझं मत आहे.

१९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कलकत्त्याची सद्दी ओसरत चालली आणि सैगल मुंबईला आला. दादरच्या रणजित स्टुडिओत त्यानं ‘भक्त सूरदास’ आणि ‘तानसेन’ केले; १९४३ च्या ‘तानसेन’नं तर गर्दीचे उच्चांक केले. पैसा, कीर्ती, सगळं आलं. टक्कल पडलेलं म्हणून डोक्यावर टोप चढवून नायक म्हणून उभा राहायचा, आणि त्याची त्याला ना लाज ना फिकीर. स्वभावानं हळवा, देता हात सैल. पण दारू सुटत नव्हती. ‘देवदास’मध्ये पिऊन संपणाऱ्या नायकाचं काम करून देशभर रडवणाऱ्या माणसाचं हे असं व्हावं, यावर मी एखाद्या कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं फार योजून केलेलं म्हणून काट मारली असती.

त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की प्यायल्याशिवाय आपल्याला गाता येत नाही. १९४६ च्या ‘शाहजहान’चं संगीत तरुण नौशाद यांचं. त्यांनी पुढं अनेकदा सांगितलेली आठवण अशी: त्यांनी सैगलला विनवलं की तालमीसाठी म्हणून एकदा न पिता गा, ते मुद्रित करू, मग हवी तेवढी घेऊन पुन्हा गा, तेही मुद्रित करू. दोन्ही झाली. मग त्याला कोणतं कोणतं हे न सांगता दोन्ही ऐकवली. सैगलनं जे उत्तम म्हणून निवडलं ते न पिता गायलेलं होतं. हे कळल्यावर तो गप्प झाला. नौशाद आधी भेटले असते तर, अशा अर्थाचं काहीतरी बोलला म्हणतात.

हा प्रसंग वाचला की मला ती काचेपलीकडची मुलगी आठवते. तिनंही मला काही सुनावलं नव्हतं, फक्त माझाच आवाज परत ऐकवला होता. फरक इतकाच की मला दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचता आलं. सैगलचं यकृत तोवर कामातून गेलं होतं. जन्मभर श्वासही न लपवता तो ज्या यंत्राजवळ उभा राहिला, त्यानं त्याला खरं काय ते सांगितलं, पण बेचाळिसाव्या वर्षी.

१९४६ च्या अखेरीस तो जालंधरला आपल्या माणसांत परतला आणि १८ जानेवारी १९४७ रोजी तिथंच गेला. ‘परवाना’ त्याच्या मागून पडद्यावर आला. देशाची फाळणी व्हायला सात महिने होते; जम्मूपासून जालंधरपर्यंतचा त्याचा सगळा मुलूख ढवळून निघणार होता, ते त्यानं पाहिलं नाही. गाणी सगळी मिळून सुमारे १८५. तेवढ्यावर मुकेश उभा राहिला, सुरुवातीचा किशोरकुमार उभा राहिला. मुकेशचं १९४५ सालचं पहिलं गाजलेलं गाणं ऐकून लोकांना ते सैगलचंच वाटलं होतं.

मुंबईत त्या वेळी सतरा वर्षांची एक मुलगी होती. मास्टर दीनानाथांची थोरली. घरात सिनेसंगीताला फारसा थारा नव्हता, सैगल मात्र चालायचा, आणि ती लहानपणापासून त्याच्यावर जीव टाकून होती. वडील जाऊन पावणेपाच वर्षं झाली होती, घराचा भार तिच्यावर. पैसे साठवून लता मंगेशकरांनी आयुष्यातला पहिला रेडिओ विकत घेतला, तो नेमका त्या जानेवारीत. घरी आणून हौसेनं लावला, तर त्यातून पहिली बातमी आली ती सैगल गेल्याची. त्यांनी रेडिओ बंद केला आणि दुकानात परत नेऊन दिला.